मळ्यापुरता पाऊस

फेब्रुवारी संपत आला की पोल्ट्रीवाल्याची झोप उडते. थंडी परवडली, ऊन परवडलं. त्यांचं निदान काहीतरी ठरलेलं असतं. हे मधले चार आठवडे मात्र कुणाचेच नसतात. पहाटे दोन गोधड्या पुरत नाहीत, दुपारी पत्र्याला हात लावला तर फोड येईल, आणि मधेच कुठून तरी आभाळ चालून येतं, वारा सुटतो, दोन सरी पडतात आणि पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात ऊन तापायला लागतं. माणसाचं बरं असतं. त्याला गोधडी ओढून घेता येते आणि लाथेनं झुगारताही येते. शेडमधल्या कोंबडीला ती सोय नाही. तिची गोधडी म्हणजे शेडच्या दोन्ही अंगांचे पडदे, आणि ते माणसानंच चढवायचे, माणसानंच सोडायचे.

मोहिद्दीन मुलाण्याची पोल्ट्री कडेगावच्या अलीकडं, गावापासून बरीच लांब, मळ्यात होती. चहूकडं ऊस आणि मधे पत्र्याचं लांबलचक शेड, शेजारी राहायचं दोन खोल्यांचं घर. शेडला गुडघाभर भिंत, वर जाळी, जाळीच्या बाहेरून पोत्यांचे शिवलेले पडदे. दोरी ओढून खांबाला बांधली की पडदा वर चढायचा आणि शेड बंद व्हायचं. दोरी सोडली की पडदा खाली बसायचा आणि वारा आत शिरायचा. काम एवढंच. पण कधी बांधायचं आणि कधी सोडायचं, यातच सगळी अक्कल. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, माल तयार झाला की गाडी पाठवून उचलूनही नेते. हवामान तेवढं देत नाही.

यंदाची बॅच मोहिद्दीनची नव्हती. त्याच्या पोराची, तारिकची होती.

तारिक कुपवाडला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या पोराची बोटं प्रेसखाली गेली. पोरगं ओरडलंसुद्धा नाही म्हणे, नुसतं आपल्या हाताकडं बघत उभं राहिलं. त्यानंतर तारिक थोडे दिवस कसाबसा कामावर गेला आणि एका सकाळी पिशवी घेऊन घरी आला. आईला, म्हणजे रहिमतबीला, त्यानं सगळं सांगितलं. सांगताना दोन्ही हात काखेत दाबून बसला होता. बापाला एवढंच म्हणाला, "मला हितंच ऱ्हायाचंय."

मोहिद्दीन वाईट माणूस नव्हता. नमाज चुकवायचा नाही, कुणाचा बांध कोरायचा नाही. पण पोराबद्दल त्याचं एक मत झालेलं होतं आणि ते बदलायची त्याला काही घाई नव्हती. या पोराचं ध्यान ठिकाणावर नसतं, असं ते मत.

"मशीन काय नि कोंबडी काय, ध्यान दिल्याबिगर चालत न्हाई," तो म्हणाला. "ही बॅच तुजी. मी हात लावनार न्हाई. नीट निघाली तर परत कुपवाडचं नाव काढनार न्हाई मी. न्हाईतर मग तुजी मशीनच बरी."

त्या दिवसापासून रहिमतबीच्या दुआत कोंबड्या आल्या. आधी नवऱ्याची तब्येत, सासरी गेलेल्या लेकीचं सुख, आणि मग लगेच या बॅचची खुशाली. अल्लाहनं हसू नये म्हणून ती कोंबड्यांचं नाव जरा हळू घ्यायची.

तारिकनं बॅच जिवापाड सांभाळली, हे कुणालाही कबूल करावं लागलं असतं. पिल्लं आली तेव्हा थंडी होती. तो शेगड्या पेटवून त्यांच्यातच झोपला, अंगाला वास मुरला तरी तक्रार केली नाही. पिल्लं गोळा होऊन एकमेकांवर चढली की गारठलीत आणि लांब लांब पसरली की उकडतंय, हे तो न सांगता शिकला. फक्त रमजानच्या पहिल्या आठवड्यात एकदा घात झाला. संध्याकाळी तो रोजा सोडायला बसला आणि तेवढ्यात पावसाची सर येऊन गेली. पडदे खाली होते. एका बाजूचं खाली अंथरलेलं तूस भिजलं, पाखरं शिंकायला लागली. मोहिद्दीननं शेजारच्या मळ्यातल्या ज्ञानूच्या देखत पोराला सोलून काढलं.

"पाऊस दिसतूय आन हा खजूर खात बसलाय! पडदं वर कराया मुहूर्त काढायचा हुता व्हय तुला?"

तारिकनं रातोरात ओलं तूस काढून कोरडं टाकलं, पाण्यातून औषध दिलं आणि पाखरं वाचवली. पण त्या दिवशी त्याचा चेहरा जो उतरला तो रहिमतबीच्या डोळ्यांपुढून हलला नाही. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, असं तिनं मनात पक्कं केलं. आपण घरात असताना या बॅचवर पावसाचा थेंब पडू द्यायचा नाही.

आणि ती बॅच तर आता हातातोंडाशी आली होती. पाखरं चांगली जड झाली होती, चालताना डुलायची. दोन दिवसांत कंपनीची गाडी येणार होती. कंपनीचा सुपरवायझर नागसेन येऊन बघून गेला आणि म्हणाला, "तारिक, पहिल्या बॅचला असा माल मी फार थोड्यांचा बघितलाय." मोहिद्दीन तिथंच उभा होता. त्यानं मान हलवली. मुलाण्यानं मान हलवली म्हणजे दुसऱ्या कुणी पेढे वाटल्यासारखं होतं. रहिमतबीला त्या दिवशी रोजा जाणवलाही नाही.

तो शुक्रवार असाच उजाडला, पहाटे गारठा आणि नऊला ऊन. तारिकनं दोन्ही बाजूचे पडदे सोडले, पाणी बघितलं, खाद्य टाकलं. आता ऊन वाढेल म्हणून नागसेननं पाण्यातून द्यायला औषध सांगितलं होतं, ते आणायला तो गाडी काढून कडेगावला निघाला. जुम्म्याची नमाज तिथंच पढून येणार होता. "अम्मी, पान्याकडं बघ तेवढं," म्हणाला आणि गेला. मोहिद्दीन अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून गावातल्या मशिदीकडं चालत गेला. मळ्यात रहिमतबी एकटी राहिली.

बाराच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटला. आधी ऊस सळसळला, मग अंगणातली बादली गडगडत गेली. रहिमतबीनं वर बघितलं तर डोंगराच्या अंगानं काळं आभाळ थेट मळ्यावर आलेलं. लाईट गेली. शेडमधले पंखे थांबले आणि पाखरं एका कोपऱ्यात सरकायला लागली. मग पत्र्यावर टपटप वाजलं. पाऊस नव्हे, गारा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, पण गाराच.

ती धावली. तिचा हात खांबावरच्या कडीपर्यंत पुरायचा नाही, म्हणून तिनं खाद्याची रिकामी बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि एकेक दोरी ओढून बांधत गेली. वाऱ्यानं पडदा हातातून निसटायचा. तिनं दोऱ्यांना दोन-दोन वेढे देऊन गाठी आवळल्या. पश्चिमेची बाजू झाली, पूर्वेची झाली. पदर भिजला, गुडघा खरचटला, घसा कोरडा पडला. पण शेवटची दोरी बांधून ती आत डोकावली तर तूस कोरडं ठणठणीत, आणि पाखरं उबेला गप बसलेली. रहिमतबीला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली. लेकाच्या बॅचला आपला हात लागला, चांगला हात लागला, असं तिला वाटलं.

सर तेवढ्यातच ओसरली. पण वारा ओला होता. लगेच पडदे सोडले तर पाखरं पुन्हा शिंकायला लागतील. जरा ऊन येऊ दे, मग सोडू, असा तिनं विचार केला. विचारात काही चूक नव्हती. मोहिद्दीनही तेच म्हणाला असता. तिनं हातपाय धुतले, जोहरची नमाज पढली आणि ओसरीत नमाजाच्या सतरंजीवर, जानमाजवरच भिंतीला टेकली. पहाटेच्या सहरीच्या जेवणाआधीपासून ती जागी होती. पोटात काही नव्हतं. पावसानंतरचा तो गार वारा अंगावरून गेला आणि तिचा डोळा लागला.

जाग आली ती नवऱ्याच्या ओरडण्यानं. तसं ओरडताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं, त्याचा बाप गेला तेव्हासुद्धा नाही.

ऊन पांढरंफटक पडलं होतं. वाऱ्याचा मागमूस नव्हता, लाईटही अजून आली नव्हती. मोहिद्दीन हातात खुरपं घेऊन शेडच्या बाजूनं पळत होता आणि दोऱ्या सपासप कापत होता. एकेक पडदा धपकन खाली बसत होता आणि आतून तापलेली, कोंदट, वासाची वाफ बाहेर येत होती. शेडमधून आवाज येत नव्हता. एरवी त्या शेडचा गलका रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. रहिमतबी जाळीशी आली आणि तिनं आत बघितलं. पाखरं पडद्याच्या कडेनं एकावर एक पडली होती, चोची उघड्या, पंख पसरलेले. वारा कुठून तरी येईल म्हणून ती जाळीपाशी धावली होती आणि तिथंच गेली होती. मधे कुठं कुठं एखादं धापा टाकत होतं. एवढंच काय ते जिवंत.

"मी बांधलं," रहिमतबी म्हणाली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघालं. "आवं, पडदं मी बांधलं."

मोहिद्दीननं तिच्याकडं बघितलंही नाही. "तू गप ऱ्हा."

"पाऊस आला हुता. गारा पडल्या. म्हनून मी बांधलं आन माजा डोळा लागला."

आता तो थांबला. त्यानं वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. त्यानं खाली बघितलं. माळाची मुरमाड जमीन. ती वळवाचा पाऊससुद्धा तासाभरात पिऊन टाकते, तिथं या चार गारांचं काय राहणार? अंगण कोरडं होतं. धूळसुद्धा उडत होती.

"मी गावातनं चालत आलोय," तो म्हणाला. "गावात टिपूस न्हाई. वाटंला टिपूस न्हाई. आन हितं गारा पडल्या?"

"पडल्या वो."

"मुलान्याच्या मळ्यापुरता पाऊस पडला?"

तसंच झालं होतं. या दिवसांतला पाऊस तसाच पडतो. एका बांधावर पडतो आणि दुसऱ्या बांधावर नाही. मोहिद्दीनला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्यानं आपल्या बायकोला ओसरीत गाढ झोपलेलं बघितलं होतं, आणि पोराला तो चांगला ओळखून होता, निदान असं त्याला वाटत होतं.

"बोअरची मोटर जळली तवा बी तूच चालू ठेवली हुतीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता. "ज्ञानूच्या हरभऱ्यात शेळी शिरली तवा बी फाटक तूच उघडं टाकलं हुतंस. मोबाईल हिरीत पडला, त्यो बी तुज्याच हातनं. मला काय कळत नव्हतं व्हय? कळत हुतं. मी बोललो न्हाई, एवढंच."

रहिमतबी जागच्या जागी खिळली. मोटर तारिकनं जाळली होती. फाटक तारिकनं उघडं टाकलं होतं. मोबाईलही त्यानंच पाडला होता. प्रत्येक वेळी तिनं ते आपल्या अंगावर घेतलं होतं आणि प्रत्येक वेळी नवरा फसला असं समजून मनात खूश झाली होती. तो एकदाही फसला नव्हता.

"अल्लाशपथ, या वक्ती खरंच मी बांधलं," ती म्हणाली. "मला रोजा हाय. रोज्यात खोटं बोलंल का मी?"

"लेकासाठी तू रोजा बी मोडशील," मोहिद्दीन म्हणाला आणि उरलेल्या दोऱ्या कापायला गेला.

तारिकची गाडी आली तेव्हा तो हँडलला औषधाची पिशवी अडकवून गाणं गुणगुणत होता. शेडकडं नजर गेली आणि गाडी त्याच्या हातातून तशीच आडवी पडली. तो आत शिरला आणि जी पाखरं अजून धापा टाकत होती ती दोन्ही हातांनी उचलून बाहेर बाभळीच्या सावलीत आणायला लागला, पाण्यात बुडवायला लागला, चोचीत पाणी सोडायला लागला. काहींनी मान सावरली. बरीचशी त्याच्या हातातच लुळी पडली. तरी तो आणतच राहिला.

"पडदं सोडायचं ध्येनात ऱ्हायलं न्हाई तुज्या," मोहिद्दीन म्हणाला.

"सोडलं हुतं, अब्बा."

"मग कोनी चढवलं? आपलं आपुन चढलं?"

"मी चढवलं रं!" रहिमतबी मधे आली. तिनं पोराचा दंड धरला. "गारा पडल्या. मी बादलीवर चढून बांधलं. तू सोडलं हुतंस, मी बघितलं हुतं."

तारिकनं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. लहानपणी मार चुकल्यावर तो तिच्याकडं जसा बघायचा, तसाच बघत होता.

"कडेगावात पाऊस हुता का?" मोहिद्दीननं विचारलं.

"न्हाई," तारिक म्हणाला. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "सोडलं हुतं मी. सकाळी सोडलं... काल सोडलं हुतं ते तर चांगलं ध्येनात हाय. आज बी सोडलं असंल."

रोजचंच काम. रोज तीच दोरी, तोच खांब, तेच ऊन. आजचं कुठलं आणि कालचं कुठलं, हे कुणाच्या लक्षात राहतं? रहिमतबीला तरी परवाची भाजी कुठं आठवत होती? पण पोराच्या तोंडून 'असंल' हा शब्द निघाला होता. आपला लेक आपल्या डोळ्यांदेखत स्वतःवर संशय घ्यायला लागलाय, हे तिला कळलं, आणि तो थांबवायला तिच्याजवळ एक खरी गोष्ट सोडून काही नव्हतं. ती खरी गोष्ट कुणी घ्यायला तयार नव्हतं.

दुपार कलताना नागसेन आला. ओढ्याच्या कडेला खड्डा काढला, चुना टाकला. मेलेली पाखरं बापलेकांनी पोत्यातून वाहिली. नागसेननं कंपनीसाठी फोटो काढले, शेडभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "या दिवसांत कुणाचंही होतं हे. मात्र पडदा वेळेवर सुटला असता तर इतकी गेली नसती."

रहिमतबी पुढं झाली. "साहेब, पडदं मी बांधलं हुतं. तुमी तरी त्यास्नी सांगा."

नागसेन तरणाच होता, तारिकपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं तिच्या पायाला हात लावल्यासारखं केलं. "मावशी, माझी आई असती तर तीपण हेच म्हणाली असती," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

मग ती ज्ञानूच्या मळ्यात गेली. तो विहिरीच्या खोलीत मोटर खोलून बसला होता. "वैनी, आभाळ आल्यालं दिसलं खरं," तो म्हणाला, "पर मी हितं आत. वाजलं कायतरी पत्र्यावर, मला वाटलं चिचंचं बोटुक पडलं." त्याच्या पत्र्यावर चिंचेची फांदी होती. ती तशीच परत आली.

परतताना तिला कापलेल्या दोऱ्या आठवल्या. ती शेडभोवती वाकून वाकून शोधायला लागली. तारिक दोरीला नेहमी सुरगाठ मारायचा, एक टोक ओढलं की सुटणारी, म्हणजे पडदे पटापटा सोडता येतात. तिला ती कधी जमली नव्हती. तिनं दोन वेढे देऊन निरगाठी आवळल्या होत्या. खांबाच्या कडीला तशीच राहिलेली एक गाठ तिला सापडली. बादलीवर चढून, नखं मोडून तिनं ती काढली आणि धावत तारिककडं आणली. तो ओढ्यावर हात धूत होता.

"हे बघ. ही माजी गाठ. तू अशी मारत न्हाईस."

त्यानं गाठ हातात घेतली, उलटीपालटी केली. मग त्यानं तिच्या मोडलेल्या नखांकडं बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"माज्यासाठी गाठी मारत बसलीस व्हय गं, अम्मी?"

ओढ्याच्या कडेला रहिमतबी तशीच खाली बसली. तिला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, आणि आपण रडलो तर तेही पोरासाठीच रडतो असं दिसेल, हेही तिला कळत होतं.

अजान झाली तेव्हा तिघं खजूर घेऊन बसले. मोहिद्दीननं पाण्याचा पेला अर्धा प्यायला आणि खाली ठेवला. इतका वेळ त्याचा राग होता. आता तोही उरला नव्हता. वाचलेली पाखरं बाभळीखाली पाटीत बसली होती, त्यांच्याकडं बघत तो म्हणाला, "झालं ते झालं. जा म्हनत न्हाई मी तुला. पुढची बॅच आपुन दोघं मिळून करू."

रहिमतबीच्या जिवात जीव आला. हे ऐकायला ती महिनाभर दुआ मागत होती. ते आज मिळालं, अशा दिवशी मिळालं, तरी चालेल.

पण तारिकनं मान हलवली.

"न्हाई अब्बा. ठरलं हुतं न्हवं." तो खजुराची बी बोटांत फिरवत होता. "आन ठरल्याचं बी जाऊ द्या. माजं मलाच आठवंना. दोरी सोडली का न्हाई, एवढं बी ध्येनात ऱ्हात न्हाई ज्याच्या, त्याच्या भरवशावर जित्राब कसं ठेवायचं? मी जातो."

"तारिक, तुज्या गळ्याशपथ सांगते," रहिमतबी म्हणाली.

"शपथा घेऊ नगंस, अम्मी. रमजान हाय," तो हळूच म्हणाला. शपथ खोटी पडेल आणि आईला पाप लागेल, याची त्याला काळजी होती.

सोमवारी तो गेला. त्या आठवड्यात गावातल्या बाया भेटायला आल्या. मोहिद्दीननंच कुठं तरी सांगितलं असावं, कौतुकानं सांगितलं असावं, कारण सगळ्यांना ते ठाऊक होतं. "आई असावी तर अशी," बाळाबाई म्हणाली. "समदं आपल्या अंगावर घेतलंस की गं. पाऊस पाडलास, गारा पाडल्यास." आणि तिनं मायेनं रहिमतबीच्या पाठीवरून हात फिरवला. रहिमतबी पहिल्या दोघी-तिघींना खरं काय ते सांगत राहिली. जितकं सांगावं तितकं त्यांचं कौतुक वाढायचं. मग तिनं सांगणं बंद केलं. चहा ठेवायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची.

ईदला तारिक आला. सकाळी आला, नमाज पढला, दुपारच्या गाडीनं परत जाणार होता. वाळला होता. नवा कुडता आणायला त्याला वेळ मिळाला नव्हता, म्हणून मोहिद्दीननं आपला दिला, तो खांद्यावर ढगळ बसला. बापलेक पहिल्यांदाच एकमेकांशी नीट बोलले, शेडचे पत्रे बदलायचे का, पुढची पिल्लं कधी यायची, असं. मोहिद्दीन त्याला गाडीपर्यंत सोडायला निघणार होता. तेवढ्यात बाप तोंड धुवायला गेला आणि मायलेक दोघंच राहिले.

"मशीन तीच हाय?" रहिमतबीनं विचारलं.

"तीच."

"भ्या वाटतंय का रं अजून?"

"आदी वाटायचं ते मशीनचं," तारिक म्हणाला. तो शिरखुर्मा चमच्यानं ढवळत होता, खात नव्हता. "आता माजंच वाटतंय. पत्रा आत सरकवायचा, हात माघारी घ्यायचा, मग पायानं खटका दाबायचा. हात माघारी घेतला का न्हाई, हे मी दर वक्ताला वाकून बघतो. बघितलं तरी खरं वाटत न्हाई. पयलं असं हुत नव्हतं. तवा मला ठाव नव्हतं न्हवं, आपल्याला इसर पडतो ते."

रहिमतबीनं हातातला डाव खाली ठेवला. तिनं पुढं होऊन त्याचे दोन्ही हात धरले. दहाही बोटं होती, गार होती, तेलानं काळी झाली होती. तिनं ती घट्ट आवळली.

"तुला इसर पडत न्हाई," ती म्हणाली. "ऐक माजं. तुला कायबी इसर पडला न्हाई. तू सकाळी पडदं सोडून गेला हुतास. पाऊस आला. पडदं मी बांधलं, तारिक. मी बांधलं आन मी झोपले."

तारिकनं आपले हात अलगद सोडवून घेतले. तिच्या डोळ्यांतलं पाणी अंगठ्यानं पुसलं. लहान मुलाची समजूत काढावी तसा तो हसला.

"व्हय अम्मी," तो म्हणाला. "तूच बांधलंस."

आणि पिशवी उचलून तो बापाच्या मागं गाडीकडं निघाला.